पुणे जिल्ह्याएवढी काउंटी आणि माणसं साडेपाच हजार? (चेरी काउंटी, नेब्रास्का)

रस्तेवेडी
मंडळी, ऑगस्टमध्ये ओमाहाहून गाडीने साउथ डकोटातल्या बॅडलँड्स आणि माउंट रशमोरला जायचं ठरतंय. ज्याला विचारावं तो सांगतो, २९ नंबरने सरळ वर जा, मग ९० नंबरने डावीकडे, आठ-नऊ तासांत पोचाल. मला इंटरस्टेटचा मनापासून कंटाळा आहे. म्हणून नकाशा पसरला, तर नेब्रास्काच्या वरच्या कडेला एक अवाढव्य तुकडा दिसला: चेरी काउंटी. क्षेत्रफळ ६ हजार चौरस मैलांच्या किंचित वर, म्हणजे साधारण १५,५०० चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा जवळपास एवढाच आहे. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. चेरी काउंटीत २०२० साली ५,४५५. मी शून्य गाळलं की काय म्हणून पुन्हा पाहिलं, आकडा बरोबर आहे.

तर प्रश्न असा की इतकी मोठी जागा अशी मोकळी का? तिथे वाळवंट आहे का, डोंगर आहेत का, की कुणी राहूच देत नाही? काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच काही असतं का? आणि मुख्य म्हणजे त्या रस्त्याने जावं का? कुणी गेलं असल्यास सविस्तर लिहा.

पेठी_पुणेकर
साडेपाच हजार? आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात याहून जास्त भांडणं आहेत. चेऱ्या तरी पिकतात का तिथे?

फिरस्ता_८३
चेऱ्यांचा संबंध नाही. लेफ्टनंट सॅम्युएल चेरी नावाचा लष्करी अधिकारी तिथल्या फोर्ट नायोब्रारामध्ये होता, तो १८८१ मध्ये मारला गेला. १८८३ मध्ये काउंटी झाली तेव्हा त्याचं नाव दिलं.

रस्त्याबद्दल: नक्की जा. ओमाहाहून नॉरफोक, ओनील करत २० नंबरचा हायवे धरायचा. ओनीलपर्यंत मका आणि सोयाबीन, त्यात बघण्यासारखं काही नाही. एन्सवर्थ सोडलं की शेतं विरळ होत जातात आणि मग फक्त गवत. व्हॅलेंटाइन हे काउंटीचं मुख्य गाव, ओमाहापासून साधारण ३०० मैल. तिथे मुक्काम करा. हा २० नंबरचा हायवे बॉस्टनपासून ओरेगॉनच्या किनाऱ्यापर्यंत जातो, अमेरिकेतला सगळ्यात लांब रस्ता. आणि कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा ८३ नंबर त्याला व्हॅलेंटाइनलाच भेटतो. (माझ्या आयडीचं रहस्य उघड झालं.)

नानी_ओमाहा
व्हॅलेंटाइन छान गाव आहे गं. रस्त्यांच्या पाट्यांवर बदाम काढलेत लाल रंगाचे. फेब्रुवारीत देशभरातून लोक आपली पाकिटं तिथल्या पोस्टात पाठवतात, व्हॅलेंटाइनचा शिक्का मारून घ्यायला. आमच्या सुनेनं एकदा पाठवलं होतं. मुलाला वाटलं बिलच आलंय, त्यानं न फोडता ठेवून दिलं.

पेठी_पुणेकर
नानी, मुलगा पुण्यात वाढलेला दिसतोय.
म्हणजे गाव प्रेमावरून वसलं म्हणायचं!

फिरस्ता_८३
नाही हो. एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाचे काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्य होते, त्यांच्यावरून. बदाम नंतरचे.

वऱ्हाडी_ठेचा
म्या गेलतो राजेहो त्या रस्त्यानं. काई नाई तिथं. गवत, गवत, गाय, गवत. दोन घंटे झाले तरी तेच. बायको म्हणे आपण पुढं चाललो का गाडी उभीच हाय? माझं मत इचाराल तं इंटरस्टेटच बरा.

लिंकनचा_लिंबूटिंबू
वऱ्हाडीभाऊ, तुम्ही ज्याला 'गवत, गाय, गवत' म्हणता त्याच्यावरच माझा प्रबंध चाललाय, त्यामुळे जरा लांबण लावतो. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

ते जे गोल गोल टेकाड दिसतात ना, ते माती-मुरमाचे डोंगर नाहीत. वाळूचे आहेत. पार वरून खालपर्यंत वाळू, वर जेमतेम काही इंच मातीसारखा थर आणि त्याला धरून बसलेलं गवत. या पट्ट्याला सँडहिल्स म्हणतात. सुमारे १९ हजार चौरस मैल, म्हणजे नेब्रास्का राज्याचा चौथा हिस्सा. पश्चिम गोलार्धातलं हे सगळ्यात मोठं वाळूटेकड्यांचं क्षेत्र. काही टेकड्या चारशे फुटांपर्यंत उंच आणि वीस-वीस मैल लांब. हजारेक वर्षांपूर्वी दीर्घ दुष्काळ पडले तेव्हा गवत मेलं आणि या टेकड्या पुन्हा सरकू लागल्या होत्या. आत्ता दिसतं ते हिरवं पांघरूण भूगर्भाच्या हिशेबात कालचं आहे.

आता अशा जमिनीत नांगर घातला तर काय होईल? गवत उपटलं की वारा वाळू उचलतो आणि टेकडीला खड्डा पडतो. त्याला तिथे 'ब्लोआउट' म्हणतात. एकदा तोंड उघडलं की तो वाढतच जातो. रँचवाले (मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे) त्यात जुने टायर टाकून ठेवतात वाळू अडवायला. म्हणून शेती नाही. शेती नाही म्हणून गावं नाहीत, गावं नाहीत म्हणून माणसं नाहीत.

रस्तेवेडी
लिंबूटिंबू, हे भारी आहे. मग वाळूच असेल तर पाण्याचं काय? वाळवंटच झालं की.

लिंकनचा_लिंबूटिंबू
इथेच तर गंमत आहे. पाऊस वर्षाला जेमतेम वीस इंच, पश्चिमेकडे त्याहून कमी. पण वाळू असल्यामुळे तो वाहून जात नाही, पडतो तिथेच मुरतो. खाली ओगलाला जलधर (पाणी धरून ठेवणारा भूगर्भातला थर) आहे, आठ राज्यांच्या पोटात पसरलेला, आणि त्याची सगळ्यात जाड साठवण या टेकड्यांखाली. दोन टेकड्यांच्या मधली घळ पुरेशी खोल असली की भूजलच उघडं पडतं आणि तळं होतं. काउंटीच्या दक्षिण भागात अशी शेकडो तळी आहेत. ती पावसाने भरत नाहीत, खालून भरतात. नद्यांचंही तेच. स्नेक, नॉर्थ लूप, मिडल लूप या झऱ्यांवर वाहतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही पाणी जवळपास तेवढंच. टेक्सास-कॅन्ससमध्ये हाच जलधर उपसून उपसून खाली गेलाय, इथे मात्र बराचसा शाबूत आहे, कारण वर मका नाही.

सत्तरच्या दशकात लोकांनी इथेही मोठमोठे फिरते फवारे लावून मका घ्यायचा प्रयत्न केला होता. पाणी मुबलक होतं. वाळूच उडाली. बऱ्याच जागा परत गवताखाली न्याव्या लागल्या.

गोठेवाला
वाचतोय. माझा प्रश्न जनावरांचा. मी सांगलीकडचा, घरी गाई-म्हशी मिळून पंचवीस आहेत. तिकडे गायी किती आणि दूध कुठे जातं? एवढ्या लांब टँकर परवडतो?

फिरस्ता_८३
दूध कुठेच जात नाही दादा, वासरं पितात. या मांसाच्या गायी. बहुतेक काळ्या अँगस. चेरी काउंटीत अशा दीड लाखांहून जास्त गायी आहेत, अमेरिकेत कुठल्याही एका काउंटीत नाहीत इतक्या. म्हणजे माणशी पंचवीसहून जास्त. वासरं वसंतात होतात, तेव्हाच शेजारपाजारचे सगळे रँचवाले जमून एकमेकांकडे डाग देण्याचं काम करतात, पैसे न घेता. आज तुमच्याकडे, शनिवारी माझ्याकडे. जुलैत दोन टेकड्यांमधल्या ओल्या कुरणांत गवत कापून गठ्ठे बांधायचे, ते हिवाळ्याला. ऑक्टोबरच्या आसपास वासरं आईपासून तोडून व्हॅलेंटाइनच्या लिलावात, तिथून मक्याच्या मुलखात चरबी चढवायला.

गोठेवाला
म्हणजे इर्जिकच की. आमच्याकडे आता ती राहिली नाही, सगळे रोजंदारी मागतात. आणि एका गायीला जमीन किती लागते?

फिरस्ता_८३
वर्षभराचा हिशेब धरला तर पंधरा-वीस एकर.

गोठेवाला
बाबौ. वीस एकरांत एक गाय. आमच्याकडे वीस एकर ज्याच्याकडे आहेत तो झेडपीला उभा राहतो.

दस्तऐवज
गोठेवाल्यांनी विचारलेल्या या एका आकड्यात त्या काउंटीचा अख्खा इतिहास आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकन सरकार माणसाला १६० एकर फुकट देत होतं, पाच वर्षं राहून कसलं तर. आयोवात किंवा पूर्व नेब्रास्कात १६० एकरांत कुटुंब आरामात जगे. इथे १६० एकर म्हणजे आठ-दहा गायी. त्यावर कोण जगणार? म्हणून कितीतरी वर्षं ही जमीन कुणी मागितलीच नाही, आणि मोठे गुरेवाले सरकारी जमिनीवर बिनदिक्कत चारत राहिले. त्यांनाही आधी या टेकड्यांची भीती होती. असं सांगतात की १८७९ च्या वादळात गुरं टेकड्यांत भरकटली, ती मेली असणार असं धरून गुराखी शोधायला गेले, तर आत गुरं धष्टपुष्ट आणि सोबत आदल्या वर्षांची हरवलेली, कधीच डाग न दिलेलीसुद्धा! तिथून खरी रँचिंगची सुरुवात.

मग १९०४ मध्ये मोझेस किंकेड या ओनीलच्या काँग्रेस सदस्याने कायदा आणला: वायव्य नेब्रास्कात १६० ऐवजी ६४० एकर, म्हणजे पुरा एक चौरस मैल. लोंढे आले. त्यांना किंकेडर म्हणत. लाकूड नाही, तर गवताची ढेकळं कापून त्यांच्या भिंती रचून घरं बांधली. १९१० च्या जनगणनेत चेरी काउंटीत दहा हजारांवर माणसं होती, आजच्या जवळपास दुप्पट. पण ६४० एकर म्हणजे किती गायी? पस्तीस-चाळीस. तेही पुरलं नाही. बहुतेकांनी शेजारच्या रँचवाल्याला विकून वाट धरली. म्हणजे 'माणसं का नाहीत' याचं उत्तर 'कधी आलीच नाहीत' असं नाही. आली, टिकता आलं नाही.

त्याच काळात स्पेड रँचचे बार्टलेट रिचर्ड्स यांच्यावर सरकारी जमिनीला कुंपण घातल्याबद्दल आणि खोटे अर्ज करवून घेतल्याबद्दल खटले झाले. खटले राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या सरकारने चालवले, आणि शेवटी माणूस तुरुंगात गेला. शिक्षा भोगत असतानाच १९११ मध्ये ते वारले. तिकडच्या काही जुन्या घरांत ते अजूनही नायक आहेत, हेही सांगून ठेवतो.

पेठी_पुणेकर
सरकारी जागेला कुंपण घालून तुरुंगात गेले? फारच मागासलेला भाग दिसतोय.

लिंकनचा_लिंबूटिंबू
दस्तऐवज, उत्तम. एकाच गोष्टीला हरकत. 'कुणी मागितलीच नाही' हे गोऱ्या वसाहतवाल्यांपुरतं खरं. ही लाकोटा या मूळ रहिवासी लोकांची शिकारीची जमीन होती. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात नॉर्थ प्लॅट नदीच्या उत्तरेला शिकारीचा हक्क त्यांच्याकडे राखला होता, तो १८७५ मध्ये काढून घेतला. फोर्ट नायोब्रारा उभारला तोच उत्तरेकडच्या रोझबड आरक्षणावर (लाकोटांसाठी राखलेल्या मुलखावर) नजर ठेवायला. आजही व्हॅलेंटाइनहून ८३ ने वर निघालात की राज्याची सीमा ओलांडताच रोझबड लागतं. धागाकर्ती तिथूनच जाणार असतील तर नुसतं 'पेट्रोल भरलं' एवढ्यावर पार करू नका.

दस्तऐवज
मान्य. आणि त्याच काउंटीतली आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. किंकेड कायद्याचा फायदा घेऊन १९०७ च्या सुमारास काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी ब्राउनलीजवळ नॉर्थ लूप नदीच्या काठी वस्ती केली. डेविटी तिचं नाव, पुढे बदलून 'ऑडेशस' झालं. त्यांतली काही कॅनडातून आलेली, गुलामगिरीतून पळून तिकडे गेलेल्यांची मुलं-नातवंडं. शाळा, चर्च, बेसबॉलचा संघ, सगळं होतं. नेब्रास्कातल्या ग्रामीण कृष्णवर्णीय वस्त्यांत ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त टिकलेली. तीसच्या दशकात तीही उठली, कारण वरचंच गणित. आता तिथे काही नाही, ८३ नंबरवर माहितीची पाटी आहे.

नानी_ओमाहा
हे मला इतकी वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं. दस्तऐवज, असं लिहीत जा हो.

सह्याद्रीपुत्र
पहिलाच प्रतिसाद. काउंटी म्हणजे जिल्हा का, याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

फिरस्ता_८३
प्रयत्न करतो. नकाशावर जिल्ह्यासारखी, पण कारभार वेगळा. आपल्याकडे कलेक्टर वरून नेमून येतो. इथे शेरीफ, क्लार्क, खजिनदार, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा असेसर, सरकारी वकील सगळे निवडून येतात. निवडणुकीत बहुतेक जण एकमेकांना नावाने ओळखतात. काउंटीकडे काय असतं? रस्ते, जमिनीच्या नोंदी, शेरीफ, कोर्ट, मालमत्ता कर. शाळा वेगळ्या मंडळाकडे, पण पैसा त्याच मालमत्ता करातून.

नेब्रास्कात अशा ९३ काउंट्या आहेत. गाडीच्या नंबरप्लेटवर आपल्या एमएच-१२ सारखा काउंटीचा आकडा येतो. चेरीचा ६६. हे आकडे १९२२ मध्ये कुठल्या काउंटीत किती गाड्या होत्या त्या क्रमाने दिलेत. ओमाहाची काउंटी १, पण तिथल्या प्लेटवर २००२ पासून हा आकडा येत नाही. रस्त्यात ६६ ची प्लेट दिसली की समजा तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलून तुम्हाला नमस्कार करणार. तुम्हीही करा. नाही केलात तर बाहेरचे ठरता.

वऱ्हाडी_ठेचा
आता समजलं. मले वाटलं तो बोट दाखवून काईतरी म्हणून रायला. म्यायबी दाखवलं मंग एक. वेगळं होतं ते.

पेठी_पुणेकर
😂😂 वऱ्हाडीभाऊ, पुढच्या वेळी तुम्ही इंटरस्टेटनेच जा.

अनघा_डेन्व्हर
मी कामानिमित्त काउंटीच्या पश्चिम टोकाला जाते (जनावरांच्या तपासण्यांशी संबंधित काम आहे, जास्त लिहीत नाही). कुणी अजून सांगितलं नाही ते सांगते: या एका काउंटीत दोन वेळा आहेत. पूर्वेकडचा भाग, व्हॅलेंटाइन धरून, सेंट्रल टाइमवर. पश्चिमेकडचा, कोडी, मेरिमन वगैरे, माउंटन टाइमवर. एक तासाचा फरक. भेट ठरवताना 'कुणाचे दहा' हे विचारावंच लागतं. काम पश्चिमेला आणि कोर्टकचेरी पूर्वेला, त्यामुळे मेरिमनच्या माणसाला सकाळी आठ वाजता व्हॅलेंटाइनला हजर व्हायचं तर तास-सव्वा तासाचा प्रवास आणि वर घड्याळातला एक तास. घरातून आपल्या घड्याळात पावणेसहाच्या सुमाराला निघा.

पूर्व-पश्चिम ही काउंटी जवळजवळ शंभर मैल आहे. मी आतल्या रँचवर जाते तेव्हा डांबरी रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा असतो. समोरून कुणी आलं की दोघांनी आपापलं एक चाक वाळूत घालायचं. मध्येमध्ये फाटकाऐवजी जमिनीत लोखंडी नळ्यांची जाळी असते, तिला तिथे 'ऑटोगेट' म्हणतात. गाडी खडखडत जाते, गाय पाय ठेवायला घाबरते. आणि खरंखुरं फाटक लागलं तर नियम एकच: उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर तुम्ही गेल्यावर बंद करा. मोबाइलला रेंज नसते. पेट्रोल निम्म्यावर आलं की भरायचं. व्हॅलेंटाइनहून ९७ नंबरने मलनला जाताना सत्तर-पंचाहत्तर मैल पंपच नाही.

रस्तेवेडी
बापरे! अनघाताई, मुलं कुठे शिकतात मग? आणि दुखलंखुपलं तर?

अनघा_डेन्व्हर
व्हॅलेंटाइनला छोटं हॉस्पिटल आहे. गंभीर असेल तर हेलिकॉप्टर. आग लागली तर गावकऱ्यांचं स्वयंसेवी अग्निशमन दल, आणि प्रत्येक रँचवाल्याच्या पिकअपवर पाण्याची टाकी असतेच. यावरून, रस्तेवेडी, ऑगस्टमध्ये वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. खालचा सायलेन्सर तापलेला असतो, गवत पेटतं. २०१२ च्या जुलैमध्ये नायोब्राराच्या खोऱ्यात मोठी आग लागली होती, हजारो एकर गेले. (ती विजेमुळे, गाडीमुळे नाही, पण गवताला काय फरक पडतो?)

शाळांचं म्हणाल तर पूर्वी दर काही मैलांवर एक खोली, एक बाई आणि पाच-सात पोरं अशा शाळा होत्या. २००६ मध्ये राज्याने आठवीपर्यंतचे छोटे शाळा-जिल्हे मोठ्यांत विलीन केले, त्यावर तिकडचे लोक अजून चिडलेले आहेत. काही कुटुंबांत आई आणि मुलं आठवडाभर गावात घर घेऊन राहतात आणि शुक्रवारी रँचवर जातात.

कोडीची गोष्ट मात्र मला फार आवडते. दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव. वाणसामानाचं दुकान उरलं नव्हतं. तर शाळेतल्या पोरांनी आणि गावाने मिळून पेंढ्याचे गठ्ठे रचून इमारत उभी केली आणि २०१३ मध्ये दुकान सुरू केलं. चालवतात विद्यार्थीच. हिशेब, ऑर्डरी, काउंटर, सगळं. रस्तेवेडी, वाटेत आहे, थांबा आणि काहीतरी विकत घ्या, नुसते फोटो काढू नका.

शाकंभरी_७७
दीड लाख गायींच्या गावात शाकाहारी माणसाने खायचं काय, हे कुणी सांगेल का? गंभीर प्रश्न आहे, हसू नका.

नानी_ओमाहा
दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट आणि एक छोटा राइस कुकर. मोटेलमध्ये भात लाव. तिकडे 'व्हेजिटेरियन आहे' म्हटलं तर बाई प्रेमाने चिकन आणून देईल.

पेठी_पुणेकर
आणि बटाटा. गायीच्या देशात बटाट्याचे हाल नसतात.

मृगशीर्ष
सगळे दिवसाचंच बोलताय! अहो, तिथली रात्र बघायला लोक हजारो मैलांवरून येतात. व्हॅलेंटाइनच्या नैऋत्येला २५-२६ मैलांवर मेरिट जलाशय आहे, स्नेक नदीवर साठच्या दशकात बांधलेला. १९९४ पासून दर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या अमावास्येला धरून तिथे 'नेब्रास्का स्टार पार्टी' भरते. शेकडो दुर्बिणी, लाल दिवे, आणि पांढरा टॉर्च लावणाऱ्याला शिव्या. २०२२ मध्ये त्या जागेला आंतरराष्ट्रीय गडद आकाश उद्यानाचा दर्जा मिळाला. मी तिथे झोडियाकल लाइट (ग्रहांमधल्या धुळीवरून येणारा सूर्याचा फिकट उजेड) नुसत्या डोळ्यांनी पाहिलाय. आकाशगंगेचा उजेड इतका की पहिल्या रात्री मला नेहमीचे तारकासमूहच सापडेनात, भलत्याच ताऱ्यांची गर्दी. रस्तेवेडी, तुमच्या तारखा अमावास्येशी जुळवता आल्या तर जुळवा. रशमोरच्या डोंगरात कोरलेले चार अध्यक्ष कुठे जात नाहीत.

रस्तेवेडी
मृगशीर्ष, पंचांग काढलंय! वऱ्हाडीभाऊ सोडून सगळ्यांचा कौल जायलाच आहे. आता एक दिवस व्हॅलेंटाइनला ठेवला तर दिवसा काय बघू? मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटोगेटपेक्षा जास्त काहीतरी लागेल.

फिरस्ता_८३
गावाच्या पूर्वेला चार-पाच मैलांवर फोर्ट नायोब्रारा वन्यजीव अभयारण्य. लष्कराने किल्ला सोडल्यावर १९१२ मध्ये ते पक्ष्यांसाठी राखलं, मग नेब्रास्कातल्याच एका माणसाने सहा बायसन दिले आणि त्यातून कळप वाढला. आता साडेतीनशेच्या आसपास असतात. एल्क आहेत, आणि मुलांना सगळ्यात आवडतात ते प्रेअरी डॉग, बिळातून डोकं काढून ओरडणारे. बायसन लांबून बघा, ते म्हशीसारखे दिसतात म्हणून पाठ थोपटायला जाऊ नका. गोठेवाले, हे विशेषतः तुम्हाला.

गावाजवळच जुन्या रेल्वेचा पूल आहे, नदीपासून दीडशे फूट उंच, पाव मैल लांब. १८८३ मध्ये रेल्वे आली तेव्हाच गाव वसलं. नव्वदच्या दशकात रूळ गेले आणि त्या जागी चालायची-सायकलची वाट झाली. पुलावर वारा सुटला की टोपी धरा.

मग स्मिथ फॉल्स. नेब्रास्कातला सगळ्यात उंच धबधबा, साठेक फूट. आपल्याकडचे धबधबे पाहिलेल्याला उंचीचं काही वाटणार नाही, पण कोरड्या गवताच्या मुलखात अचानक थंडगार हिरवी घळ लागते, त्याचं अप्रूप.

लिंकनचा_लिंबूटिंबू
त्या घळीत कागदी बर्च नावाची पांढऱ्या सालीची झाडं शोधा. ती इथली नव्हेतच, पार उत्तरेकडची. हिमयुग संपताना बाकीची मागे सरली, ही झऱ्यांच्या गारव्यात अडकून राहिली. त्याच नदीकाठी पश्चिमेचे पाँडेरोसा पाइन आणि पूर्वेचे ओक एकत्र दिसतात. १९९१ मध्ये नायोब्राराच्या ७६ मैलांच्या पट्ट्याला राष्ट्रीय निसर्गरम्य नदी म्हणून संरक्षण मिळालं, त्यामागे हे एक कारण आहे.

आणि व्हॅलेंटाइनच्या नैऋत्येला मॅकेल्वी राष्ट्रीय जंगल लागतं. ते हाताने लावलेलं जंगल आहे. १९०२ मध्ये रूझवेल्टने वाळूत झाडं लावायचा प्रयोग मंजूर केला. लाखभर एकर राखले, त्यातल्या थोड्याच भागात झाडं धरली. बाकी अजून गवतच. माझ्या मते चांगलंच झालं. आता उलटी पंचाईत आहे, लाल सीडर आपणहून पसरतोय आणि गवत मारतोय, तर तो कापायला लोक पैसे खर्च करतात.

सह्याद्रीपुत्र
झाडं कापायला पैसे! लिंबूटिंबू, हे इथल्या पर्यावरणवाल्यांपुढे बोलू नका.

लिंकनचा_लिंबूटिंबू
बोलतो ना. आपल्याकडेही माळरानं 'पडीक' म्हणून झाडं लावून बुजवतात आणि माळढोक गेला की हळहळतात. सोलापूर-नगरकडच्या लोकांनी यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

गोठेवाला
मला एकच शंका. एवढी जमीन, एवढ्या गायी. मग हे लोक श्रीमंत असतील?

अनघा_डेन्व्हर
कागदावर. जमीन कोट्यवधींची, हातात रोख कमी. वर्षाचा पगार एकदाच मिळतो, वासरं विकली जातात त्या दिवशी. मालमत्ता कर जमिनीच्या भावावर लागतो, वासराच्या भावावर नाही. आणि जमिनीचा भाव बाहेरचे पैसेवाले वाढवतात. सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी या टेकड्यांत मोठमोठी रँचेस घेऊन गायींऐवजी बायसन सोडले, त्यावरून स्थानिकांत अजून वाद होतात. तीन भावंडं असली की एकाने बाकी दोघांना पैसे देऊन सोडवायचं, नाहीतर विकायचं. वाटणी करून चालत नाही, कारण दस्तऐवज यांनी लिहिलंय तेच, तुकडा लहान झाला की त्यावर पोट भरत नाही.

गोठेवाला
कळलं. आमच्याकडे बांधावरून मुडदे पडतात, पण वाटणी होतेच. सात गुंठ्यांत तिघं भाऊ.

शाकंभरी_७७
धागा गंभीर झाला. नदीत बोटिंग असतं का? ट्यूबवर बसून वाहत जातात असं ऐकलंय.

फिरस्ता_८३
असतं. कनू, ट्यूब, सगळं भाड्याने मिळतं. पण खास तिकडचा प्रकार म्हणजे टँकिंग. गुरांना पाणी पाजायची गोल पत्र्याची टाकी असते ना, आठ-नऊ फूट रुंद, तीच नदीत सोडायची, आत बाकडी टाकून सहा-आठ माणसं आणि खाण्याचा डबा. सुकाणू नाही. टाकी वाहत जाते आणि सावकाश गोल गोल फिरते, त्यामुळे कुणाला 'मला खिडकीची जागा' म्हणून भांडावं लागत नाही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी कनू घ्यावा.

वऱ्हाडी_ठेचा
हे आधी सांगायला पायजे होतं ना राजेहो. टाकीत बसाले मी येतो.

शाकंभरी_७७
नानी, दशम्या टाकीत चालतील ना?